दातातला धातू आणि तोंडातले डाग : वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

किडलेल्या दाढेवरील उपचारांविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बऱ्याच पत्रांत एकच काळजी आहे. दाढेत भरलेली चांदी, दातावर बसवलेली कॅप किंवा तारेने बांधलेला दात यांमुळे शेजारची हिरडी, गाल किंवा जीभ खराब होते का, असे वाचक विचारतात. तसे होऊ शकते; मात्र धातूमुळे होणारा त्रास बहुतेक वेळा त्या धातूला टेकणाऱ्या जागेपुरताच राहतो. खाली दिलेली उत्तरे वाचताना ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आपल्या भागात तोंडातल्या प्रत्येक डागामागे खर्ऱ्याचाही (सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या मिश्रणाचा) संशय घ्यावाच लागतो आणि त्याचा दोष धातूवर ढकलला गेला तर मोलाचा वेळ वाया जातो. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेतील जुनी चांदी काढून तिथे पांढरे सिमेंट भरले. काही महिन्यांनी त्याच दाढेखाली हिरडीवर निळसर काळा डाग दिसू लागला. दुखत नाही, पण शेजारच्या बायका कॅन्सर असेल म्हणतात, त्यामुळे रात्रीची झोप लागत नाही. (वय ३८, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, आपण केलेल्या वर्णनावरून हा डाग चांदीच्या कणांचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ज्याला आपण चांदी म्हणतो ते खरे तर एक मिश्रण असते. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील व तांबे यांची पूड असते. जुनी चांदी ड्रिलने फोडली जाते तेव्हा तिची बारीक भुकटी उडते, आणि त्याच वेळी हिरडीला ओरखडा गेला असेल तर ती भुकटी तिथे रुतून बसते. पुढे त्यातील चांदीचे सूक्ष्म कण हिरडीतील तंतूंवर कायमचे बसतात आणि गोंदल्यासारखा निळसर, करडा डाग तयार होतो. दाढ काढताना फुटलेल्या चांदीचा तुकडा जखमेत राहिला तरी असाच डाग पडतो.

हा डाग हिरडीच्या पातळीतच असतो, हाताला फुगीर लागत नाही, दुखत नाही, त्यातून रक्त येत नाही आणि बोटाने दाबल्यावर त्याचा रंग फिका पडत नाही. दाताचा छोटा एक्स-रे काढला तर काही वेळा त्या जागी धातूचे पांढरे ठिपके दिसतात आणि शंका तिथेच मिटते. मात्र कण फारच बारीक असतील तर ते एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून एक्स-रे कोरा आला तर डॉक्टर डागाचा फोटो काढून ठेवतील आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहतील. डाग वाढत असेल, उंचावत असेल, त्यात दोन-तीन रंगांच्या छटा दिसत असतील किंवा त्यातून रक्त येत असेल, तर लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवणे आवश्यक ठरते; कारण रंगपेशींचा कर्करोग तोंडातही होतो, दुर्मीळ असला तरी होतो, आणि तो टाळू व वरच्या हिरडीवर अधिक आढळतो. आपल्या डागात यांपैकी काहीही नसेल तर कोणताही उपचार लागत नाही. मीठ, कोळसा किंवा राखेने तो घासून काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये; डाग जाणार नाही, हिरडी मात्र सोलली जाईल.

प्रश्न : डाव्या खालच्या शेवटच्या दाढेत आठ वर्षांपूर्वी चांदी भरली होती. तिच्या समोर गालाच्या आत पांढरा पट्टा आला आहे. दिवाळीपासून तिखट अजिबात सहन होत नाही, दोन्ही गालांना आग होते, आणि आता भाकरीचा मोठा घास घेता येत नाही. दिवसाला चार-पाच खर्रे होतात, हे खरे सांगतो. मुलाने मोबाईलवर पाहिले की चांदीतल्या पाऱ्याने असे होते. चांदी काढली तर बरे वाटेल का? (वय ४६, शेतकरी, मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : भाऊ, आपण खरे सांगितले हे फार चांगले केले, कारण आपल्या पत्रातील उत्तर त्या एका वाक्यात आहे.

आपल्या मुलाने पाहिलेली माहिती सर्वस्वी खोटी नाही. काही लोकांच्या तोंडाच्या आतल्या त्वचेला चांदीतील धातूंची, विशेषतः पाऱ्याची, ॲलर्जी असते. वर्षानुवर्षे गाल किंवा जिभेची कड त्या भरावाला टेकत राहिली की तिथे जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेषा उमटतात, त्यांच्या आजूबाजूला लाली येते आणि तिखट लागले की आग होते. ही ॲलर्जी गांधीलमाशी चावल्यासारखी क्षणात उसळत नाही. शरीरातील संरक्षक पेशी हळूहळू त्या धातूविरुद्ध तयार होतात, त्यामुळे भराव बसवून कितीतरी वर्षे झाल्यावरही त्रास सुरू होऊ शकतो. अशा रुग्णाच्या भरावाच्या जागी दुसरा पदार्थ भरला, तर बऱ्याच जणांच्या गालावरील रेषा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत विरतात. शंका असेल तर त्वचारोग विभागात पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात. त्या पट्ट्या ४८ तास ठेवून नंतर त्वचेवर काय उमटले ते पाहिले जाते.

आता आपली तक्रार त्याच्याशी ताडून पाहू. चांदी डाव्या बाजूला आहे, पण आग दोन्ही गालांना होते. उजव्या गालाला चांदी टेकतच नाही, मग तिथली आग तिच्यामुळे कशी होईल? दुसरे म्हणजे मोठा घास घेता येत नाही, याचा अर्थ तोंड पूर्वीइतके उघडत नाही. धातूच्या ॲलर्जीने गाल आखडत नाही आणि तोंडही मिटत जात नाही. हे काम सुपारीचे आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला असतो. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ पडद्याखाली कडक तंतू साचत जातात, गाल पांढुरका व चिवट होतो, आधी तिखट लागते आणि मग तोंड उघडणे कमी होत जाते. आरशासमोर उभे राहून आपली स्वतःची तीन बोटे उभी ठेवून समोरच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. जात नसतील तर हा आजार पुढे गेला आहे असे समजावे.

आणि तो पांढरा पट्टा? आपण पत्रात खर्रा कोणत्या बाजूला धरता ते लिहिलेले नाही. तो डाव्या गालातच धरत असाल, तर हा पट्टा खर्ऱ्याचा असण्याचीच शक्यता मोठी आहे आणि चांदी केवळ त्याच्या शेजारी असल्यामुळे तिच्यावर आळ आला आहे. ॲलर्जीचे डाग सहसा बारीक रेषांच्या जाळीसारखे असतात, तर तंबाखूचा पट्टा जाडसर, खरबरीत आणि पुसून न जाणारा असतो. पण केवळ डोळ्यांनी पाहून यांतला फरक खात्रीने सांगता येतो असे कोणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नये. चांदीचा तुटका, टोकदार कोपरा गालाला घासत असेल तरी तिथे पांढरी, जाड झालेली त्वचा किंवा जखम होऊ शकते. तसे असेल तर डॉक्टर तो कोपरा घासून गुळगुळीत करतील, आणि त्यानंतर दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर तिचा तुकडा तपासायलाच हवा.

म्हणून क्रम असा ठेवावा. चांदीला आज हात लावू नये. चंद्रपूरच्या जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन गाल दाखवावा आणि बायोप्सी, म्हणजे लहानसा तुकडा काढून तपासणी, सांगितली तर त्याच भेटीत होकार द्यावा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत आपल्या गावांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळे माणसे सहा-सहा महिने घरी बसतात. ती समजूत चुकीची आहे. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्यामुळे तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळण्याचा मार्ग पत्करू नये. खर्रा थांबवल्यावर आग कमी होते, तोंड उघडण्याचे व्यायाम आणि औषधे यांचा उपयोग होतो. मात्र साचलेले तंतू पूर्णपणे जात नाहीत, म्हणून खर्रा सुटल्यानंतरही दर काही महिन्यांनी तोंड तपासून घेणे भाग आहे. चांदीचा विचार बायोप्सीचा अहवाल हाती आल्यावर करता येईल, आणि मला वाटते की तो करावा लागणार नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या बोअरच्या पाण्याने माझे दात लहानपणापासून पिवळे-तपकिरी आहेत. लग्नाआधी समोरच्या चार दातांवर कॅप बसवल्या. आता कॅपच्या कडेने हिरडी लाल, सुजलेली असते, ब्रश केला की रक्त येते आणि एका दातावर काळी रेघ दिसते. मला नकली कानातले घातले की कान चिघळतात. कॅपचीही ॲलर्जी असेल का? (वय २६, शिक्षिका, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, आपण कानातल्यांचा उल्लेख केला हे उपयोगाचे झाले. नकली दागिन्यांनी कान चिघळण्यामागे बहुतेक वेळा निकेल हा धातू असतो. आपल्याकडे कमी खर्चात मिळणाऱ्या सिरॅमिक कॅपच्या आत धातूची टोपी असते आणि ती अनेकदा निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रणाची असते. त्यातही निकेलच सर्वाधिक. तरीही लगेच निष्कर्ष काढू नये. तोंडातील लाळ धातूचे सुटणारे अंश सतत धुऊन नेते, त्यामुळे निकेलने ज्यांची त्वचा चिघळते अशा कित्येकांच्या तोंडात निकेलची कॅप विनातक्रार राहते.

कॅपभोवती हिरडी सुजण्याचे नेहमीचे कारण धातू नसून कॅपची कड असते. हाडाच्या टोकापासून वर सुमारे दोन मिलिमीटर जागेत हिरडी दाताला चिकटलेली असते. धातूची रेघ दिसू नये म्हणून कॅपची कड खोल दडवली आणि ती या दोन मिलिमीटरच्या जागेत शिरली, तर कितीही चांगला धातू वापरला तरी हिरडी लाल राहते आणि हळूहळू हाडही मागे सरते. कड दातापेक्षा जाड राहिली तर तिच्याखाली अन्नाचा थर अडकतो आणि ब्रश तिथे पोहोचत नाही. चिकटवण्याचे सिमेंट हिरडीखाली राहून गेले तरी तेच होते. घरी एक साधी परीक्षा करता येईल: दातांच्या फटीत घालायचा धागा कॅपच्या कडेवरून खालून वर ओढावा. तो प्रत्येक वेळी एकाच जागी अडकत असेल किंवा त्याचे तंतू निघत असतील, तर तिथे कड उभी आहे.

चारही कॅपभोवतीची हिरडी सारखीच लाल आहे की एखाद्याच दातापाशी, हे आरशात नीट पाहा. एका-दोन जागीच सूज असेल तर दोष त्या कॅपच्या बसण्यात आहे. चारही जागी सारखी सूज असेल, हिरडी नीट साफ करून घेतल्यावर आणि काही आठवडे काळजीने ब्रश केल्यावरही ती उतरत नसेल, किंवा ओठांच्या कडेला व हनुवटीवर खाज आणि पुरळ येत असेल, तर निकेलची शंका बळावते आणि पाठीवरची चाचणी करून घेणे योग्य ठरते. चाचणी होकारार्थी आली तर झिर्कोनियाच्या, म्हणजे धातूची टोपी नसलेल्या, कॅप बसवाव्यात. त्या महाग पडतात. चारही एकदम बदलणे जमत नसेल तर सर्वांत सुजलेल्या जागेपासून सुरुवात करावी.

काळी रेघ हा आजार नाही. हिरडी थोडी खाली सरकली की आतल्या धातूची कड उघडी पडते, तीच ती रेघ. मात्र हिरडी का सरकली, याचा शोध घ्यायला हवा.

एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहिणे आवश्यक वाटते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये. त्या पाण्याने रंगलेले दात बहुधा मजबूत असतात. केवळ रंगासाठी, विशेषतः मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून, असे सशक्त दात कोरून त्यांवर कॅप बसवल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सौम्य डाग वरचा पातळ थर घासून किंवा दाताच्या रंगाचे मटेरियल लावून झाकता येतात. कोरलेला दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. कॅप बसवायचीच असेल तर तिच्यात कोणता धातू आहे हे लेखी मागून घ्यावे.

प्रश्न : माझ्या वरच्या दाढेवर जुनी सोन्याची कॅप आहे. मागच्या आठवड्यात खालच्या दाढेत चांदी भरली. दात मिटले की झटका बसतो आणि तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव येते. (वय ७१, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : काका, दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये क्षार असलेली लाळ एकत्र आली की अतिशय बारीक विद्युतप्रवाह तयार होतो, आणि दोन्ही दाढा एकमेकींना टेकल्या की तो दाताच्या नसेला जाणवतो. नव्या चांदीवर काही दिवसांत एक पातळ थर बसतो आणि बहुतेकांचा झटका आपोआप थांबतो. यामुळे हिरडीला इजा होत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही झटके येत राहिले तर खालची चांदी काढून तिथे सिमेंट किंवा दाताच्या रंगाचे मटेरियल भरून घ्यावे. सोन्याची कॅप काढण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गावातील एका गरोदर मुलीच्या दोन दाढांत जुनी चांदी आहे. पारा पोटातल्या बाळाला जातो म्हणून ती आताच काढायची, असे घरचे म्हणतात. मी काय सांगू? (देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, तिला चांदी काढू देऊ नका. घट्ट बसलेल्या चांदीतून चघळताना पाऱ्याची वाफ अत्यल्प प्रमाणात सुटते, पण तीच चांदी ड्रिलने फोडताना ती काही काळ बरीच अधिक सुटते. म्हणजे ज्याची भीती वाटते तेच गरोदरपणात ओढवून घेतल्यासारखे होईल. भराव तुटलेला नसेल, त्याखाली कीड नसेल आणि शेजारचा गाल व हिरडी स्वच्छ असेल, तर त्याला हात लावण्याची गरज नाही.

नवीन भराव करायचा असेल तर गोष्ट वेगळी. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. त्याच करारानुसार २०२२ मध्ये ठरले की दुधाच्या दातांत, १५ वर्षांखालील मुलांत आणि गरोदर व स्तनदा मातांमध्ये, डॉक्टरांना अगदी आवश्यक वाटल्याखेरीज, चांदी भरणे टाळावे. म्हणून या मुलीला कीड लागलेली दुसरी दाढ असेल तर सिमेंट किंवा दाताच्या रंगाचा भराव मागून घ्यावा. गरोदरपणात हिरड्या सहज सुजतात आणि रक्त येते, त्याचाही दोष घरचे चांदीला देतील. ती सूज संप्रेरकांमुळे आणि दातांवरील थरामुळे असते. दोन वेळा मऊ ब्रश आणि एकदा दात साफ करून घेणे एवढ्याने ती पुष्कळ कमी होते. आपल्या भागात काही बाया गुडाखू, म्हणजे तंबाखूची मशेरीसारखी पेस्ट, दातांना घासतात. ती घासत असेल तर आधी ते सोडवा, कारण बाळाच्या दृष्टीने त्यातील तंबाखू या दोन भरावांपेक्षा कितीतरी घातक आहे.

प्रश्न : माझ्या आजीने बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसणाऱ्या माणसाकडून समोरचा दात बसवून घेतला. त्याने शेजारच्या दातांना तार गुंडाळून त्यावर गुलाबी मसाला लावला. आता वर्ष झाले, तारेच्या कडेने मांस वाढले आहे, तोंडाला वास येतो आणि शेजारचे दोन दात हलतात. तार घरी कापून काढली तर चालेल का? (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : घरी कापू नका. तार हिरडीत रुतलेली असते. ओढताना हलणारे दात तिच्याबरोबर निघून येतात, मांस फाटते आणि रक्त थांबत नाही.

झालेल्या नुकसानात तारेच्या धातूचा वाटा फारच थोडा आहे. तो गुलाबी मसाला तोंडातच घट्ट होतो. घट्ट होताना तो तापतो आणि त्यातील द्रव हिरडीला भाजतो. शिवाय तो कायमचा चिकटवलेला असल्याने त्याच्याखाली ब्रश जात नाही, अन्न कुजत राहते, आणि तारेने आवळलेल्या दातांभोवतीचे हाड महिन्यामहिन्याने झिजत जाते. वाढलेले मांस हा त्या सततच्या चिडीला हिरडीने दिलेला प्रतिसाद आहे.

दंतवैद्य तार आणि मसाला तुकड्या-तुकड्यांनी कापून काढतील, दात व हिरडी साफ करतील. बहुतेक वेळा कारण दूर झाल्यावर वाढलेले मांस बरेच आटते. जे आटत नाही ते काढून तपासणीला पाठवावे. जाण्यापूर्वी आजींची साखर तपासून घ्या, कारण मधुमेह असेल तर हिरडी भरायला वेळ लागतो आणि दात हलण्यात त्याचाही हात असू शकतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांचे पाकीट सोबत न्या. हलणारे दोन दात लगेच काढावेत असा आग्रह कोणी धरला तर थोडे थांबा. हिरडी निवळल्यावर त्यांतला एखादा पुन्हा घट्ट होतो. चार-सहा आठवड्यांनी हिरडीचा आकार स्थिर झाला की काढता-घालता येणारी छोटी कवळी बनवून घ्यावी, आणि ती रोज रात्री काढून पाण्यात ठेवावी.